बटणावरची टेप

पिंपरीत वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर तो एकदाच भेटला. नाव मी विचारलंच नाही. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती आणि माझ्या हाताला बँडेज होतं. "प्रेस मशीन का?" एवढंच त्याने विचारलं.

आमच्या चाकणच्या कंपनीत प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत सापडू नये. पण टार्गेट गाठायला आम्ही एका बटणावर टेप लावून ते दाबून ठेवायचो. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"टेप व्हती ना?" तो म्हणाला. "माझीबी व्हती. मी वकिलापासून लपवली. कंपनीच्या वकिलाने ती भर कोर्टात काढली राव, अन् आमचे वकीलसाहेब माझ्याच तोंडाकडं बघत बसले."

बोलताना तो दोन्ही तळवे गुडघ्यांवर एकदम दाबायचा.

"आत गेल्यावर काय विचारू?" मी म्हणालो.

"भरपाईची केस हरलो तर काय, खर्च कुणाच्या अंगावर, ते आधी विचारा. जिंकल्यावरचं वकील आपणहून सांगतो."

माझा नंबर आला. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "साहेब, टेप मीच लावली होती. आता हरलो तर किती खर्च, ते सांगा."

वकिलांनी पेनाचं टोपण काढलं.

"खर्चाचं सांगतो. आधी मला सांगा, ती टेप कंपनीत तुम्हाला आणून कोण द्यायचं?"