उस्ता शिहाताचा पेनड्राइव्ह आणि चाळिसावं गाणं

लॅपटॉप सुरू झाला नाही म्हणजे आतलं सगळं गेलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? काचेच्या दारांच्या संगणक-दुकानातल्या त्या टायवाल्यानंच ना? मलाही तो तेच शिकवत होता. "डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकावं लागेल, मॅडम. परवा या."

परवा! घरमालकानं आमची इमारत धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम आणला होता, आणि हरकत नोंदवायची मुदत त्याच दिवशी दुपारी दोनला संपत होती. चौदा पानांची हरकत, दुरुस्त केलेल्या भिंतींचे फोटो, अकरा कुटुंबांची छपरं, सगळं त्या काळ्या डब्यात. सकाळचे दहा वाजले होते. मी टायवाल्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. लॅपटॉप काखेत मारला आणि कर्मूझ भागातल्या आमच्या गल्लीत, अम्म बस्तावीसीकडे गेले.

अम्म, म्हणजे काका, बस्तावीसी संगणकवाला नाही. तो गाणी भरतो. आधी कॅसेटी भरल्या, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. दुकान जिन्याखाली, तिसरं माणूस आत आलं की पहिल्यानं बाहेर जायचं. भिंतीभर खिळे, खिळ्या-खिळ्याला एकेका मायक्रोबसवाल्याचा पेनड्राइव्ह. मार्ग विचारल्याशिवाय तो एक गाणं भरत नाही. "अजमीच्या रस्त्यावर? तिथे तासभर अडकतोस, तुला रडकी देतो. मोकळ्या रस्त्यावर रडकी दिली तर झोपशील." आणि प्रत्येकाच्या पेनड्राइव्हमध्ये, न विचारता, चाळिसावं गाणं स्वतःचं. स्वतः रचलेलं, स्वतः गायलेलं, सात मिनिटांचं. गंजलेलं शटर ओढावं तसा आवाज. एकोणचाळिसावं संपत आलं की अलेक्झांड्रियातल्या अर्ध्या ड्रायव्हरांचा हात आपोआप बटणाकडे जातो. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यानं लॅपटॉप चालू केला, निळा पडदा पाहिला आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"सित्त इन्साफ," इन्साफबाई म्हणायची ही त्याची पद्धत, "घर जळलेलं नाही. नुसतं दार अडकलंय. खिडकीतून जाऊ."

"कुठली खिडकी?"

"एक अख्खी प्रणाली असते, पेनड्राइव्हवरूनच चालते. आपल्या डिस्कला हात लावत नाही. आत शिरायचं, सामान उचलायचं, बाहेर."

त्या प्रणालीची फाइल त्याच्या संगणकात वर्षभर पडून होती. कधीतरी लागेल म्हणून हा माणूस काहीही उतरवून ठेवतो. त्यानं खिळ्यावरचा एक पेनड्राइव्ह लावला, गाण्याची करतात तशी त्या फाइलची नक्कल केली, फुंकर मारली आणि माझ्या लॅपटॉपला खोचला. निळा पडदा. पुन्हा केलं. निळा पडदा. तिसऱ्यांदा त्यानं फुंकर जास्त जोरात मारली.

"अम्म बस्तावीसी, साडेअकरा झाले!"

"गाणं असं ठेवलं की वाजतं. ही का वाजत नाही?"

मी माझ्या मोबाईलवर शोधून मोठ्यानं वाचून दाखवलं. नक्कल चालत नाही. वेगळ्या प्रोग्रॅमनं ती फाइल पेनड्राइव्हवर लिहावी लागते. आणि लिहिताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

पुसलं जातं म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. भिंतीवरचे सगळे पेनड्राइव्ह गिऱ्हाइकांचे, गाण्यांनी भरलेले. "चाळीस वर्षांत कुणाचं एक गाणं पुसलेलं नाही मी." नवे त्या आठवड्यात संपले होते. नवा मिळणार तो फक्त काचेच्या दुकानात, आणि तिथे मी आता कुठल्या तोंडानं जाणार?

दारात उस्ता शिहाता उभा होता, अजमीच्या मार्गावरचा ड्रायव्हर, आपला पेनड्राइव्ह घ्यायला आलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याची बहीण आमच्याच इमारतीत राहते.

"माझा पुसा," तो म्हणाला.

"तुझी चार हजार गाणी आहेत, उस्ता!"

"पुन्हा भरा. एकच अट आहे." शिहातानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "चाळिसावं नको."

बाहेर फूलवाल्याची झारी हंड्यावर आपटली.

"नको म्हणजे?" अम्म बस्तावीसी म्हणाला.

"काका, परवा एक बाई ते लागलं आणि मध्येच उतरली. थांबा नव्हता. पूल होता."

"तिला घाई असेल."

"पैसे देऊन उतरली, काका. थोडे जास्तच दिले."

मला हसू आवरेना आणि बारा वाजून गेले होते. अम्म बस्तावीसीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याचं ते एकुलतं एक गाणं, आणि पलीकडे अकरा घरं. शेवटी त्यानं तो लिहायचा प्रोग्रॅम उतरवला, शिहाताचा पेनड्राइव्ह लावला, यादीतलं नाव दोनदा वाचलं आणि शिवी घालून बटण दाबलं.

वीस मिनिटं लागली. मग त्यानं लॅपटॉप सुरू करताना पेनड्राइव्ह निवडायचं बटण सापडेपर्यंत वरच्या रांगेतली बटणं एकेक दाबून पाहिली. पाचव्या खेपेला निळ्याऐवजी हिरवा पडदा आला आणि दोन पर्याय: 'चालवून पाहा' आणि 'बसवा'.

"बसवूनच टाकतो," तो फुशारकीनं म्हणाला. "पाहुणा कशाला, राहू दे की घरात."

मी त्याचा हात धरला. शब्दशः धरला. "बसवलंत तर माझी डिस्क पुसली जाईल! त्या टायवाल्याला फुकट बदनाम केलं म्हणायचं मग!"

त्यानं 'चालवून पाहा' दाबलं. माझं फोल्डर जसंच्या तसं समोर. चौदा पानं, फोटो, सगळं. नक्कल करण्यानं कुणाचं काही पुसलं जात नाही, म्हणून ते मनशिय्याच्या मार्गावरच्या एका ड्रायव्हरच्या पेनड्राइव्हमध्ये उरलेल्या जागेत टाकलं. छपाईवाल्यानं तो उघडला तेव्हा लग्नाच्या दोन गाण्यांच्या मध्ये आमच्या जिन्याची दुरुस्त केलेली भिंत होती. शिहातानं मायक्रोबस अशी हाणली की मी कलमा म्हणत होते. दोनला दहा कमी असताना कारकुनानं शिक्का मारला. तोंड वाकडं केलं, पण मारला.

सुनावणी व्हायची आहे, इमारत उभी आहे. अम्म बस्तावीसी मात्र माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, कारण बातमी फुटली आणि रोज एक ड्रायव्हर येऊन म्हणू लागला, "काका, शिहातासारखा भरून द्या." आता तो बोलतो. पुढच्या कुणाचं दार अडकलं तर खिडकी तयार असावी म्हणून त्यानं एक खिळा रिकामा ठेवलाय. पण तिथे टांगायला गिऱ्हाइकाचं काही पुसणार नाही म्हणतो, आणि यापुढे अटही ऐकून घेणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या खणात आठ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह नुसता पडलाय, मला माहीत आहे. आतलं काय ते उतरवून घ्या, आणि या आठवड्यात तो कर्मूझला जिन्याखाली आणून द्या.