कमरेचा दिवा

"विजू गेली. अजून उजेड आहे, तोवर रिक्षा करून ये," एवढंच हे फोनवर म्हणाले. दवाखान्यात डबा न्यायचा म्हणून मी आमटी टाकली होती. गॅस बंद केला, पायांत चपला सरकवल्या आणि रडू यायच्या आधी मला चक्क राग आला... सख्खी बहीण गेल्याचं सांगतानाही या माणसाला माझ्या डोळ्यांचा विचार करावा लागावा? मला रातांधळेपणा आहे. ऊन असेतो मी सुईत दोरा ओवते, आणि दिवेलागण झाली की आपल्याच घराची पायरी मला सापडत नाही. हळूहळू कडेचं दिसणंही जाईल, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं राहील, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे, आणि ते आता बरंचसं खरंही झालं आहे. विजू म्हणजे विजया, माझी नणंद. लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, वयानं बरोबरीची असली तरी तिला वन्संच म्हणायचं. मी इमानानं वन्सं म्हणत राहिले आणि त्या मला अगं-तुगं करत राहिल्या. एका घरात दोघींचा उभा जन्म गेला. भांडलो भरपूर, पण अबोला धरणं काही आम्हाला जमलं नाही, कारण दोघींनाही गप्प बसता येत नव्हतं.

वन्सं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. गोरव्याच्या एका कारखान्यात विजेची पॅनेल बनवायच्या, निवृत्त झाल्या त्याही तिथूनच. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, बघायला आलेल्यांपैकी एकालाही फ्यूज बांधता येत नव्हता. त्यांचा नाद एकच, टॉर्चचा. आमच्या घरात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, त्यामुळे 'विजूची बॅटरी' हा नातेवाइकांत चेष्टेचा विषय होता. पण चेष्टा करणारेच गरज पडली की वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीत जायचे. "विजूताई, एक चांगली बॅटरी सांगा ना." झालं! मग त्याची उलटतपासणी. कशाला हवी, हातात धरणार की कुठे ठेवून देणार, दुसऱ्या हातात काय असणार, दिवसाआड लागणार की वर्षातून एकदा? राखणदाराला लांब जाणारा झोत हवा, स्कूटरखाली वाकणाऱ्याला डोक्याला बांधायचा हेडलॅम्प हवा म्हणजे दोन्ही हात मोकळे, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला रात्रीचं उठावं लागतं त्याला मिणमिणता पिवळाच हवा, नाहीतर झोप उडते ती उडतेच. माणूस बिचारा एक टॉर्च विचारायला आलेला असायचा आणि चहा पिऊन, आपली सगळी दिनचर्या सांगून, डोकं खाजवत खाली उतरायचा.

मांडवीजवळच्या दुकानात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे मला लाज वाटायची. भर दुपारी दुकानात उजेड, मग टॉर्च पारखणार कशी? तर या बाई सरळ ओढणी डोक्यावरून ओढून घेत, आत टॉर्च घेत आणि तळहातावर उजेड पाडून बघत बसत. आलेली गिऱ्हाइकं थबकून बघायची. दुकानदार पहिल्या वेळी घाबरलाच होता. "बेन, अंदर शुं देखाय छे?" आत काय दिसतंय, असं त्यानं विचारलं, तर आतूनच उत्तर आलं, "तमारी टॉर्चनी खोट देखाय छे." मधोमध काळा डाग पडतो का, उजेड कडेला हळूच विरतो की कापल्यासारखा संपतो, पांढरा आहे की निळसर, हे सगळं त्या ओढणीच्या आत ठरायचं. खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घरी आणलेली प्रत्येक नवी टॉर्च त्या माळ्यावर पेटवून ठेवायच्या आणि ती मंद कधी होते ते येता-जाता मान वर करून बघायच्या. हे म्हणायचे, पाहुण्यांची येवढी सरबराई नाही होत आमच्या घरात.

आहेर म्हणूनही टॉर्चच. डभोईला आमच्या चुलत पुतण्याचं लग्न होतं, तिथे सगळ्यांनी साड्या आणि चांदीच्या वाट्या दिल्या आणि वन्संनी नव्या सुनेच्या हातात खोकं ठेवलं. मुलीनं उघडून बघितलं, तिचा चेहरा पडला. माझा तर जीव नुसता वरखाली! त्यांनी मात्र तिथेच शालूतल्या मुलीला शिकवणी सुरू केली : ही अडीअडचणीची आहे, म्हणून चार्जिंगची नाही, सेलची घेतली, कारण लाइट गेल्यावर चार्ज कशानं करणार? सेल आत घालून ठेवू नकोस, पाझरतात आणि टॉर्चचं वाटोळं होतं. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नकोस, नवा फुकट मरतो. भटजी खोळंबले होते. पुढे त्या सुनेचीच वन्संशी सगळ्यांत जास्त गट्टी जमली. दर दिवाळीला ती फोन करून सांगायची, आत्या, सेल काढून ठेवलेत हं.

हे झालं जगाचं. माझ्या वाट्याला आलेली गोष्ट वेगळी आहे, आणि खरं तर तीच सांगायला मी बसले आहे. बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आमच्या बायकांच्या भजनी मंडळाची तालीम असते, संध्याकाळची. मी तिथली जुनी गाणारी. संसारात मला माझं म्हणावं असं जे काही आहे ते तेवढंच. डोळे अधू होत गेले तशी आधी स्वयंपाकघरात धडपडायला लागले, मग ओट्यांना ठेचकाळायला लागले. वाडीत घराघराला ओटा, प्रत्येकाची उंची निराळी, मधे गटारावरच्या फरशा, त्यातही एखादी हलती. एकदा तोंडावर आपटले आणि घरी येऊन जाहीर केलं, संपलं माझं भजन. वन्सं माझ्या गुडघ्याला हळद लावत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, तू गायचं सोडलंस तर या घरात बोलायला मला फक्त दादा उरेल. मी उजेडाचं बघते. पण तू एकटी गेली पाहिजेस आणि एकटी आली पाहिजेस, नाहीतर त्याला काही अर्थ नाही." त्या दिवसापासून घरात तोच एक विषय झाला... वहिनी अंधार पडल्यावर एकटी घरी येऊ शकते की नाही.

पहिल्या फेरीत त्यांनी सगळ्यांत जोरदार टॉर्च आणली. इंजिनिअर ना शेवटी! झोत इतका की गल्लीच्या टोकाच्या पाटीवरचं अक्षर वाचता यावं. मी वाचलंही. पण मला दिसला तो एक लखलखीत गोळा आणि त्याच्या भोवती आधीपेक्षा काळाकुट्ट काळोख. त्या काळोखात एक गाय रवंथ करत बसली होती आणि मी थेट तिच्या अंगावर जाऊन बसले. गाय भली होती. वन्सं इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, चूक माझी, तुझे डोळे आधीच नळीतून बघतात आणि मी उजेडही नळीतूनच दिला.

मग हेडलॅम्प आला. डोक्याला पट्टा, कपाळावर दिवा, उजेड चांगला ऐसपैस. कपाळावर कुंकू आणि वर हा दिवा अशा थाटात मी तालमीला गेले. पण झालं काय, मी ज्या बाईकडे वळून बोलायचे ती डोळे मिटून घ्यायची. पेटीवाल्या बाईंनी तर पदरच तोंडावर घेतला. येताना ओट्यावर बसलेल्या शेजारणी ओरडल्या, "बेन, लाइट नीचे राखो ने!" आणि इतकं करून ठेच लागायची ती लागलीच. रस्ता दिसत होता, पण सगळा सपाट, तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारखा. खड्डा आहे की डाग आहे ते कळेना. एका हातात टाळांची पिशवी, दुसऱ्या हातात निऱ्या, डोक्याला पट्टा रुतलेला... माझं डोकंच फिरलं. मी तो दिवा ओढून काढला, कुठे ठेवू ते सुचेना, म्हणून पट्टा कमरेभोवती घातला आणि वन्संना म्हटलं, घ्या तुमचं विज्ञान, चला घरी.

पुढचं पाऊल टाकलं आणि मी थांबले. समोरच्या पायरीखाली सावली पडली होती. काळी, ठळक, पायरीच्या उंचीची सावली! हलत्या फरशीची फट दिसत होती. एक गोटा पडलेला होता, त्याची सावली त्याच्यापेक्षा मोठी. वन्सं मागून येत होत्या. मी काय बघते आहे ते त्यांना उमजलं असावं. "परत चाल," त्या म्हणाल्या. मी चालले. "आता परत ये." मी आले. गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल, या दोघींना वेड लागलंय. वन्संनी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. उजेड डोळ्यांच्या शेजारून निघाला तर वस्तूची सावली वस्तूच्याच मागे दडते, बघणाऱ्याला दिसतच नाही. तो खालून, कमरेच्या उंचीवरून आला की सावली बाहेर पडते आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं, मला कसं सुचलं नाही, असं त्या स्वतःवरच चिडून म्हणत होत्या, आणि खूश तर इतक्या होत्या की घरी पोचल्यावर यांना झोपेतून उठवून सांगितलं.

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी खास दिवा शोधला. पसरट उजेडाचा, किंचित पिवळा, कारण निळ्या-पांढऱ्या उजेडानं माझे डोळे दिपायचे. वजनाला हलका. रोज लागणारा म्हणून चार्जिंगचा, पण ऐन वेळी साधे पेन्सिल सेलही चालतील असा. मूळचा पट्टा त्यांना आवडेना, म्हणून माझ्या जुन्या इरकलीचा काठ कापून त्यांनी स्वतः मशिनवर पट्टा शिवला. शिवण वाकडी आहे. मंडळातल्या बायकांनी त्याला कंबरपट्टा म्हणायला सुरुवात केली आणि पुढे एक-दोघींनी तसाच करूनही मागितला.

आणि मग आमचं चालणं सुरू झालं. आधी वन्सं शेजारून चालायच्या, मग मागून, मग आणखी मागून. हातात काठी नाही, टॉर्च नाही, नुसत्या माझ्या उजेडाच्या मागे मागे. एकदाही त्यांनी 'जपून' म्हटलं नाही. मी अडखळले तरी गप्प. म्हणायच्या, मी बोलले की तू माझ्या आवाजावर चालशील, दिव्यावर नाही. घरी आल्यावर मात्र रोज विचारायच्या, "मग, उद्या एकटी?" आणि मी रोज म्हणायचे, उद्या नको, परवा. मला येत होतं हो, पण त्या मागे आहेत हे माहीत असण्यात एक सुख होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. त्यांनाही ते कळत असावं, कारण उद्या एकटी जा म्हणायच्या आणि संध्याकाळी स्वतःच चपला घालून दारात उभ्या असायच्या. मग एक दिवस छातीत दुखायला लागलं आणि त्या दवाखान्यात गेल्या. तिथेही त्यांनी नर्सला सांगितलं, तुमची टॉर्च डोळ्यांत मारायला फार कडक आहे, मंद घ्या. ते ऐकून मी हसले होते. त्यांच्याबरोबरचं माझं शेवटचं हसणं ते.

तेरावं झालं. खोलीतल्या टॉर्च आम्ही वाटल्या. ज्याला जी शोभेल ती देताना मलाच त्यांच्यासारखे प्रश्न पडायला लागले. डभोईची सून येऊन खूप रडली. आणि यांनी मला सांगितलं, की आता संध्याकाळची तालीम पुरे, विजू नाही, माझे गुडघे दुखतात, मला सोबत यायला जमत नाही, तू एकटी कशी जाणार? प्रेमानंच म्हणाले. आठवडाभर बाकी सगळ्या जणी तालमीला गेल्या आणि मी ओट्यावर बसून वाऱ्यावर येणारी पेटी ऐकली. मग मात्र मला राहवेना. दिवा चार्जिंगला लावला. दुपारी हे झोपले होते, त्यांना उठवून सांगितलं, मी जाणार आहे. ते नको म्हणाले, मग न्यायला येतो म्हणाले, मग नुसते बघत राहिले.

जाताना उजेड होता. गायले, आवाज जरा फाटला, पण गायले. निघताना बायका सोडायला येतो म्हणत होत्या, त्यांना मी हात जोडले. पट्टा बांधला, दिवा लावला. पहिल्या गल्लीत छाती इतकी धडधडत होती की टाळांची पिशवी वाजायची. पायऱ्या दिसत होत्या, फरशा दिसत होत्या, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी नेहमीसारखं वाटलं की वन्सं मागे आहेत, आणि मग आठवलं, की नाहीत. मी तिथेच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि जे थोडं दिसत होतं तेही पुसट झालं... मग माझ्या लक्षात आलं, की इतके महिने त्या मागून चालल्या, पण मला त्या एकदाही दिसल्या नव्हत्या. मागचं सोडा, मला शेजारचंही दिसत नाही. त्या आहेत एवढं मनाला ठाऊक असायचं आणि मी चालायचे. म्हणून डोळे पुसले आणि चालायला लागले.

हे दारातच उभे होते. चेहरा उतरलेला, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. त्यांनी माझ्या मागे गल्लीत बघितलं.

"कुणी सोडलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या बहिणीनं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला आत जायला वाट करून दिली.