नदीपलीकडचा कोरडा बांध

रविवार, धनत्रयोदशीचा आदला दिवस, सकाळचे साडेदहा, सोसायटीचं ऑफिस. मंजूर रक्कम रुपये दोन हजार फक्त, दिवाळीच्या किल्ल्यासाठी. हजर: सेक्रेटरी, खजिनदार म्हणजे मी, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार आणि सेक्रेटरींची बायको. ती कमिटीवर नाही, पण चहा घेऊन आली आणि थांबली.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत किल्ला दरवर्षी होतो. पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा ठरलेला, मावळेही तेच, दर वर्षी एखाद्याचा हात तुटलेला. सुभेदार दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडून मुलाकडे राहायला आले. आजवर ते किल्ल्याच्या कामात पडले नव्हते. त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "यंदा डोंगर नको. यंदा नदी करू."

"किल्ल्यात नदी?" सेक्रेटरी म्हणाले.

"किल्लाच नको. आमच्या डिव्हिजननं एकाहत्तरला पूर्वेला नदी ओलांडली, ती दाखवतो. हल्ल्याच्या आधी आम्हाला साहेब रेतीचं मॉडेल करून दाखवायचे. रांगोळीचा रस्ता, काडेपेट्यांची घरं, लोकरीचा धागा म्हणजे टेलिफोनची तार. जवानानं ते डोळ्यांत भरून घ्यायचं आणि अंधारात तसंच चालायचं. दिवाळीचा किल्ला तरी काय वेगळा असतो?"

मी विचारलं, डिव्हिजन म्हणजे नक्की किती माणसं? "पंधरा-सोळा हजार धरा," ते म्हणाले. मी मनात हिशोब केला. आमचे बहात्तर फ्लॅट, घरटी चार माणसं. म्हणजे आमच्यासारख्या पंचावन्न सोसायट्या, सगळ्याच्या सगळ्या, सामानसुमान डोक्यावर घेऊन चिखलातून निघाल्या आहेत. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी ताबडतोब सही केली.

सोमवारी रेती आली. ऑफिसातून येऊन मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रेतीत उतरलो. पन्नाशी उलटल्यावर माणूस असा रेतीत बसत नाही. बायकोनं गॅलरीतून पाहिलं आणि हाक मारली, "अहो, ती ऑफिसची पँट आहे!" सेक्रेटरी तर बर्म्युडा घालूनच आले होते. सुभेदार स्टुलावर बसून काठीनं दाखवत होते. इथे भातशेती. इथे तळी, एकदोन नाही, जिथे बघाल तिथे. रस्ता हा असा, पण रस्त्यावर शत्रूची ठाणी.

"मग तुम्ही गेलात कुठून?"

"शेतातून! आमच्या डिव्हिजनचा खाक्याच तो. ठाणी सोडायची बाजूला आणि शेतातून पुढे सरकायचं. गाववाले होड्या द्यायचे, सायकलरिक्षावर आमचा दारूगोळा वाहायचे. शत्रू रस्त्यावर नजर लावून बसलाय आणि आम्ही त्याच्या पाठीमागे! असं होतं ते."

सांगताना ते स्टुलावरून अर्धे उठायचे. शेजारच्या बिल्डिंगमधली माणसंही कुंपणापाशी थांबायला लागली.

मंगळवारी माझी बायको बाजारातून सुरमई घेऊन आली ती धापा टाकतच. खाडीपलीकडून येणारी आमची कोळीण, जिच्याकडून आम्ही बारा वर्षं मासे घेतो, तिला हिनं सहज सांगितलं होतं की यंदा आमच्याकडे एकाहत्तरची लढाई होतेय. त्यावर ती बाई हातातली सुरी थांबवून म्हणाली, माझा भाऊस त्या लढाईत गेला. नदीत.

बायकोनं भावाचं नावही विचारून आणलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. सुभेदारांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातली काठी रेतीत तशीच उभी राहिली.

"खाडीपलीकडचा? कोळी?"

"हो."

"आमच्या कंपनीत एकच कोळी होता," ते म्हणाले. "पण नदीत? नदीत कोण म्हणतं?"

मग बायकोनं उरलेलं सांगितलं. सैन्याकडून आलेल्या पत्रात नदी पार करताना वीरमरण, एवढंच होतं. कोळीवाड्यात ते वाचलं गेलं आणि कोळ्यांनी कोळ्यांच्या डोक्यानं त्याचा अर्थ लावला: नदीत मेला म्हणजे बुडाला. समुद्रावर जन्म काढणाऱ्यांचा पोरगा गोड्या पाण्यात बुडाला! बापानं तोंड लपवलं. भांडण कुठलंही असो, होडी लावायच्या जागेवरून नाहीतर नळावरून, शेवटी समोरचा हेच काढायचा. बाईनं हे पन्नासहून जास्त वर्षं ऐकलंय.

सुभेदार उभे राहिले. "त्यांना बोलवा. भाऊबीजेला बोलवा. आणि हे सगळं मोडा."

"मोडा?" सेक्रेटरी जवळजवळ ओरडले. दोन दिवसांचं काम होतं.

"अहो, हे मी तुमच्या करमणुकीसाठी करत होतो. आता ते तिला दाखवायचंय. ती दर्यावरची बाई आहे. निळ्या रांगोळीचं पाणी दाखवलं तर ती काय म्हणेल मला? पाणी खरं पाहिजे. वाहतं पाहिजे."

पुढचे दिवस आम्ही जे काही केलं, त्याला दिवाळी म्हणता येणार नाही. अभ्यंगस्नान करून लोक पुन्हा चिखलात. उतार मोजायला मी घरून लेव्हलची बाटली आणली. तळाला प्लास्टिक घातलं, वरून होजपाइपनं पाणी सोडलं आणि ते खालच्या गटारात काढलं. पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा अलीकडचा काठ धाडकन कोसळला. सुभेदार खूश! "हेच! काठ असाच होता. पाय ठेवला की खाली!" सिमेंट लावायला निघालेल्या सेक्रेटरींना त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. पलीकडे उंच बांध, बांधाच्या अलीकडे एक ताडाचं झाड, मागे वीटभट्टी. वीटभट्टीची जागा त्यांनी तीन वेळा बदलली. लक्ष्मीपूजनाला माझ्या घरात पूजा मांडली होती आणि मी खाली पाण्याचा नळ किती फिरवायचा ते बघत होतो.  उलट बायकोनंच ताडासाठी खराट्याच्या काड्या आणून दिल्या.

भाऊबीजेला अकरा वाजता बाई आल्या. हिरवं लुगडं, केसांत अबोली, पाठीमागे कुणी नाही, एकट्याच. कंपाउंडमध्ये तोपर्यंत निम्मी सोसायटी जमली होती. सुभेदार पांढऱ्या शर्टात, छातीवर पदकं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. सरळ पाण्याकडे बघितलं.

"ही ती नदी?"

"हीच."

"आन् तो कुठं बुडला?"

"ताई, तो बुडाला नाही."

 सुभेदारांनी काठी उचलली. आवाज चढत गेला.

"पहाट होती. धुकं. इंजिनियरवाल्यांचा तरंगता पूल यायचा होता, पण आला नव्हता. मागून अख्खी डिव्हिजन येणार आणि आम्ही अलीकडच्या काठावर. होड्या मिळाल्या, पण ओढ अशी की होड्या वाहून जायला लागल्या. पलीकडे दोर बांधला तरच होडी त्याला धरून जाणार. साहेबांनी विचारलं, कोण जाईल? आम्ही सगळे घाटावरचे. विहिरीत पोहलेले. तुमचा भाऊ बूट काढत होता. विचारायच्या आधीच! दोर कमरेला बांधला आणि गेला. निम्म्यात दोर तुटला."

"मंग?" बाई पुढे झाल्या.

"परत आला. शिव्या दिल्या आम्हाला, कसला कुजका दोर दिलात म्हणून. जाडा घेतला, पुन्हा गेला. पलीकडे पोचला. ह्या ताडाला दोर बांधला, आणि आम्ही त्या दोराला धरून होडीत. पहिल्या होडीत मी होतो, ताई! तो ह्या बांधावर चढून हातानं आम्हाला बोलवत होता. तेव्हा त्या वीटभट्टीतून मशीनगन सुरू झाली."

काठी बांधाच्या माथ्यावर टेकली.

"इथं. पाण्यापासून वीस पावलं वर. मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, दोर सैल पडलाय, ताणून घ्या. बस. अंगाखालची माती कोरडी होती, ताई. मी स्वतः हात लावलाय. त्या दोरावरून आमची कंपनी गेली, मग सगळी पलटण गेली, वीटभट्टी ताब्यात आली, आणि दुपारी पूल आला तेव्हा डिव्हिजन गेली. मला पुढच्या गावात गोळी लागली, मी इस्पितळात. मला वाटलं, घरी कुणीतरी नीट कळवलं असेल."

 बाई खाली बसल्या. आम्हाला वाटलं, आता रडतील. त्यांनी हात लांब करून ताडाच्या काडीला बांधलेली सुतळी बोटात धरली.

"ही कुनी बांदली?"

"मी," सुभेदार म्हणाले.

"अशी गाठ कोळी बांदंल? ही तर सुटंल." त्यांनी ती सोडली, सुतळी दोनदा फिरवली, एक टोक खालून घेतलं आणि ओढलं. काडी वाकली, गाठ बसली.

सुभेदार गुडघ्यावर आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पदकांसकट, चिखलात. "हीच!" ते ओरडले. "अहो, हीच! इंजिनियरवाल्यांना ती सुटेना, शेवटी कुऱ्हाडीनं दोर तोडला त्यांनी! खजिनदार, बघा, हीच गाठ!"

"आमच्या बानं शिकवलेली. दोगांना," बाई म्हणाल्या. मग उठल्या आणि लुगडं झटकलं. "चला."

"कुठं?"

"वाड्यात. मला सांगून काय फायदा? त्यांना सांगा. समद्यांना."

रिक्षा केली. सुभेदार, बाई, माझी बायको आणि मी. बायको माझ्या जवळजवळ मांडीवर. जेट्टीवरून फेरीबोट. बाईंनी बोटीवरच सुरुवात केली, नाखवाला दरडावून: "ऐकलंस काय रं? बुडला नाय माझा भाऊस! दोन डाव पोहला!" आम्ही पलीकडे उतरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली असावी, कारण जाळी विणत बसलेली म्हातारी माणसं उठून उभी होती.

सुभेदारांनी पुन्हा सगळं सांगितलं. रेती नव्हती, पाणी नव्हतं. समोर खाडी होती, तीच नदी केली. बाई कमरेवर हात ठेवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. सांगून झाल्यावर एक म्हातारा, वयानं सगळ्यांत मोठा, पुढे आला. त्यानं सुभेदारांना विचारलं, "ओढ किती व्हती?" सुभेदारांनी सांगितली. म्हाताऱ्यानं मान हलवली. "कमरंला दोर बांधून? दोन डाव?" मग तो बाईंकडे वळला. "चुकलं गं आमचं."

"चुकलंच!" बाई म्हणाल्या आणि घरात गेल्या. तबक घेऊनच बाहेर आल्या. सुभेदारांना दारातच पाटावर बसवलं आणि सगळ्या वाड्यासमोर ओवाळलं. सुभेदारांनी पाकीट काढलं, पाचशे एक रुपये तबकात ठेवले.

बाईंनी ते बघितले. "आन् मागच्या वर्सांचे?"

वाडा हसला. सुभेदार गडबडले आणि त्यांनी पाकीट उलटं केलं. होतं नव्हतं तेवढं, सुट्या नाण्यांसकट, तबकात. मी सवयीनं मोजायला लागलो, तर बायकोनं मला कोपर मारलं. बाईंनी त्यातले पाचशे एक कनवटीला लावले, बाकीचे सुभेदारांच्या मुठीत कोंबले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्सी ये. तवा बाकी दे."

किल्ल्याचा खर्च रुपये दोन हजार एकशे चाळीस झाला. वरचे एकशे चाळीस सेक्रेटरींनी दिले. ओवाळणी रुपये पाचशे एक, सुभेदारांकडून त्यांच्या बहिणीला. परतीच्या बोटीचं भाडं नाखवानं सुभेदारांकडून घेतलं नाही. माझं आणि बायकोचं मी दिलं.