पा बुआच्या खाणावळीत

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावच्या मराठी मंडळींत उल्काचं हसणं प्रसिद्ध आहे. ती हसली की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकतं. मूळची नागपूरची, इथे एका टेलिकॉम कंपनीत टेस्टिंगचं काम करते. पण दोन मुलं झाल्यावर तिचं हसणं कमी झालं होतं, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मोठा ओजस पाचाला टेकलेला. धाकटी निहारिका दोन वर्षांची, आणि ती काहीही खायची नाही. उल्का वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरायची आणि मग स्वतः सिंकपाशी उभी राहून मुलांचं उरलेलं, गार झालेलं खायची.

२०२०च्या जानेवारीत तिचा नवरा पियूष म्हणाला, "चल, कुठेतरी ऊन आहे तिथे जाऊ." डब्लिनजवळच्या सँडीफोर्डच्या त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने चियांग माई सुचवलं होतं. थायलंडच्या उत्तरेतलं गाव. समुद्र नाही, गडबड नाही. "तिथे फारसं काही घडत नाही," तो सहकारी म्हणाला होता, "लहान मुलांना घेऊन जायला त्याहून चांगलं काय?"

उल्काने तयारी केली ती मोहिमेवर निघाल्यासारखी. औषधं, मुगाची डाळ, तुपाची बाटली, आणि बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला छोटा इलेक्ट्रिक कुकर. पियूष म्हणाला, "अगं, भाताच्या देशात भाताचा कुकर घेऊन चाललीयेस?"

"निहारिकाला तिथला भात नाही आवडला तर?"

"तिला इथला तरी कुठे आवडतो!"

कुकर गेला. दुबईमार्गे, मग बँकॉकवरून, सगळे थकून भागून चियांग माईला पोचले. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, मधूनमधून विटांच्या पडक्या वेशी. आतल्या एका बोळात त्यांची राहण्याची जागा होती. वर चार खोल्या, खाली खाणावळ. मालकीण साठीची, ठेंगणी, केसांत फूल खोवलेलं. तिने आपल्या छातीवर हात ठेवून नाव सांगितलं, "पा बुआ." थाई भाषेत 'पा' म्हणजे थोरली मावशी किंवा आत्या, आणि 'बुआ' म्हणजे कमळ. पियूषला हे कळल्यावर त्याला भारी गंमत वाटली. "हिंदीत बुआ म्हणजे आत्याच. बाई नावातच दोनदा आत्या आहे!"

पहिल्याच संध्याकाळी निहारिकाने खाणावळीत भोकाड पसरलं. प्रवासाचा शीण, नवी जागा, भूक, सगळं एकदमच. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. उल्का कानकोंडी झाली. तिच्यासमोर नारळाच्या दुधातल्या पिवळ्या रश्शात नूडल्स घातलेला वाडगा वाफाळत होता. तिने तो बाजूला सारला आणि पोरीला घेऊन उठायला लागली, तेवढ्यात पा बुआ आली. काही न विचारता तिने निहारिकाला उल्काच्या कडेवरून उचललं आणि वाडग्याकडे बोट दाखवलं.

"यू ईट," ती म्हणाली. मग निहारिकाला थोपटत, "बेबी, मी."

आणि गेली आत.

उल्का अर्धवट उभीच राहिली. "अरे, ती घेऊन गेली तिला!"

"स्वयंपाकघरात गेलीये. दार उघडं आहे. खा तू," पियूष म्हणाला.

उल्काने घाईघाईत पहिला घास घेतला आणि तिची जीभ चांगलीच भाजली. गरम अन्न कसं खातात हे ती विसरूनच गेली होती. फुंकर मारायची असते हेसुद्धा. डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हसू फुटलं. ओजस घाबरून म्हणाला, "आई, आर यू ओके?" तिने मान हलवली आणि पुढचा घास फुंकून घेतला. लिंबू पिळलं, वरचा कुरकुरीत नूडल्सचा चुरा चमच्याने कालवला, पुरता वाडगा संपवला.

संपल्यावर मात्र तिला धडकी भरली. रडणं कधीच थांबलं होतं. ती जवळजवळ धावत आत गेली. मागच्या पडवीत एका बुटक्या बाजेवर पा बुआची म्हातारी आई बसली होती, आणि तिच्यापुढे निहारिका. मध्ये वेताची टोपली, तिच्यात चिकट भात. निहारिका चिमूटभर भात घ्यायची, त्याची वेडीवाकडी गोळी करायची आणि म्हातारीच्या तोंडात घालायची. म्हातारी दात नसलेल्या तोंडाने "आम्" करायची. मग म्हातारी एक गोळी करायची आणि निहारिका तोंड उघडायची.

उल्का दारातच थबकली. ही तिचीच पोरगी होती.

त्यानंतर मुगाची डाळ बॅगेतून निघालीच नाही. कुकर मात्र पा बुआला दिसला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, आईला नेऊन दाखवला, आणि दोघी इतक्या हसल्या की उल्कालाही आपलं ते जुनं, कुत्रं भुंकवणारं हसू आवरलं नाही.

दिवस अलगद गेले. हत्ती बघायला जायचं राहिलं, डोंगरावरचं देऊळ राहिलं. सकाळी हवेत गारवा असायचा. ते बोळातून चालत जवळच्या देवळाच्या अंगणात जायचे. ओजस तिथल्या कोंबड्यांच्या मागे पळायचा आणि झाडू मारणारे भिक्षू त्याच्यासाठी वाट सोडायचे. दुपारी लाल रंगाच्या, मागे दोन बाकं असलेल्या गाडीतून नुसतीच चक्कर. ही गाडी म्हणजे आपली सिक्स-सीटरच, जरा मोठी. ड्रायव्हर ओजसला पुढे बसवायचा आणि हॉर्न त्याच्या हवाली करायचा.

निघायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट घडली. दुपारी खाणावळीत एक तरुण बाई आली. समोर रस्त्यावर फळं विकायची ती. तिच्या पाठीला झोळीत बाळ होतं. पा बुआने ते सोडवून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ उल्काच्या मांडीवर ठेवून दिलं. "यू बेबी," ती म्हणाली, आणि फळवालीपुढे भात वाढला. उल्का चकित होऊन त्या अनोळखी बाळाकडे बघत राहिली. बाळाने तिची ओढणी तोंडात घातली. फळवाली सावकाश जेवत होती, मध्येच उल्काकडे बघून हसत होती. तिने आभार मानले नाहीत. उल्कानेही इतके दिवस कुठे कोणाचे मानले होते? इथे पाळी असते, एवढंच. आज हिची, उद्या तिची.

परत आल्यावर दोन महिन्यांच्या आत जग बंद झालं. एप्रिलमध्ये उल्काची आई वृंदाताई नागपूरहून यायच्या होत्या, त्यांचं विमान रद्द झालं. ऑफिस घरात आलं, प्लेस्कूल घरात आलं. वृंदाताई रोज व्हिडिओवर विचारायच्या, "काय करून राहिली तू? जेवली का नाही?" आणि उल्का खरंच जेवलेली असायची. एकदा आपण, एकदा पियूष, आळीपाळीने, हे तिने आल्याबरोबर ठरवून टाकलं होतं. एकजण मुलांपाशी, दुसऱ्याने टेबलावर बसून गरम जेवायचं.

शेजारच्या घरात ग्रॉन्या राहायची. २०२०च्या डिसेंबरात तिला जुळं झालं. तिची आई दूर डोनेगॉलला, आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. नवरा पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये कामाला, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. भिंतीतून दोन बाळांचं रडणं ऐकू यायचं, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू. नियम असा होता की घरात वर्षाच्या आतलं मूल असेल तर दुसऱ्या एका घराशी जोडून घेता येतं, दोन्ही घरांचं मिळून एक 'बबल'. जानेवारीतल्या एका दुपारी उल्काने दार ठोठावलं. हातात वरणभात, तूप, लिंबाची फोड.

"तुझ्या बबलमध्ये कोणी आहे?"

ग्रॉन्याने नाही म्हणून मान हलवली. तिचा ड्रेसिंग गाऊन उलटा होता.

"मग आता आम्ही आहोत. तू खा. बाळं माझ्याकडे."

"ओह नो, यू'र ग्रँड, आय कुडन्ट."

उल्काला आयरिश नाही म्हणणं चांगलं ठाऊक होतं. ते आपल्यासारखंच असतं, तीनदा म्हणावं लागतं. तिने तीनदा ऐकून घेतलं आणि आत शिरली. एक बाळ डाव्या हातावर, एक उजव्या. ग्रॉन्याने चार घास खाल्ले, पाचवा चमचा हातात धरला आणि तशीच टेबलावर डोकं टेकून झोपी गेली.

आता पंचाईत अशी, की उल्काची मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली होती आणि तिचे दोन्ही हात अडकलेले. फोन खिशात थरथरत होता. ती हलली असती तर तिघंही उठली असती. म्हणून ती हललीच नाही.

घरी पियूष वरच्या खोलीत स्वतःच्या मीटिंगमध्ये होता. खाली उल्काच्या लॅपटॉपवर आधीच जोडून ठेवलेल्या मीटिंगमधून आवाज यायला लागले, तेव्हा ओजस खुर्चीवर चढला आणि पक्क्या ॲथलोनच्या हेलात तिच्या मॅनेजरला सांगून मोकळा झाला, "मॅमी'ज नॉट हियर. शी हॅज टू बेबीज नाऊ."

संध्याकाळपर्यंत उल्काला अकरा जणांचे अभिनंदनाचे मेसेज आले. एकाने लिहिलं होतं, कॅमेऱ्यात कधी कळलंच नाही. ती इतकी हसली की पलीकडून ग्रॉन्याने भिंतीवर टकटक केली, आणि कारण कळल्यावर तीही हसत सुटली.

उन्हाळ्यात नियम सैल झाले. ग्रॉन्याच्या ओळखीत लॉकडाऊनमध्ये बाळंत झालेल्या कितीतरी आया होत्या, ज्यांची बाळं आजीनेसुद्धा धड घेतली नव्हती. दोघींनी मिळून त्यांना एका रविवारी शॅनन नदीच्या काठच्या बागेत बोलावलं. उल्काने मोठं पातेलंभर मसालेभात आणला, पियूषने तो गोधडीत गुंडाळून गरम ठेवला. आया आल्या, गवतावर बसल्या, आणि प्रत्येकजण आपलं बाळ घट्ट धरून बसली. वर्षभर सगळ्यांनी ऐकलं होतं, लांब राहा, हात लावू नका. आता कोण कोणाला काय म्हणणार? भाताची वाफ उडून चालली होती.

शेवटी ब्राझीलहून आलेली एक मुलगी उठली. तिने आपलं गुबगुबीत बाळ सरळ उल्काच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मला फार भूक लागलीये. दुसऱ्यांचं मला माहीत नाही."

सगळ्या हसल्या. मग बाळं इकडून तिकडे फिरायला लागली. काही रडली, काही नव्या मांडीवर झोपली. अर्ध्या जणी जेवल्या, अर्ध्यांनी सांभाळलं, मग अदलाबदल. चार वर्षांची व्हायला आलेली निहारिका स्वतःची बशी चाटूनपुसून सगळ्यांना पाणी देत होती. पुढच्या रविवारी आणखी आया आल्या, कोणी सूप आणलं, कोणी ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे. पावसाच्या दिवशी ताडपत्री बांधायचं काम पियूषकडे आलं.

ऑगस्टमधल्या अशाच एका रविवारी बागेच्या फाटकापाशी एक पुरुष बाबागाडी घेऊन उभा दिसला. आत यावं की नाही, त्याचं ठरत नव्हतं. उल्का त्याच्याकडे गेली.

"हे फक्त आयांसाठी आहे ना?" त्याने विचारलं. "बायको झोपलीये. बऱ्याच दिवसांनी. म्हणून मी याला बाहेर घेऊन आलो."

"जेवलास?"

"नाही, नाही, आय'म ग्रँड."

"एकदा झालं," उल्का म्हणाली. "अजून दोनदा म्हण, मग ये."

तो गोंधळून हसला आणि आला. गवतावर मांडी घालायला त्याला जमेना, तेव्हा ओजसने त्याला आपला फुटबॉल दिला बसायला. पियूषने हात पुसले, बाळाला उचललं, आणि बाळाने पहिल्याच झटक्यात त्याचा चष्मा ओढून काढला.

"राहू दे," पियूष म्हणाला, "तसंही मला ताडपत्रीच बघायची होती."

तिकडे तो माणूस फुटबॉलवर तोल सांभाळत, हातात बशी धरून, भातावर फुंकर मारत होता.