झेंडा उतरवायला बाई चालते

“बाई, दोरी सोडा. शुभ काम हाय.”

शाळेच्या पटांगणात, साऱ्या पोरांसमोर अण्णा मला म्हणाले. अण्णा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. त्र्याण्णव सालचा पंधरा ऑगस्ट. हेडमास्तरांची बदली झालेली, शाळेचा चार्ज माझ्याकडे. म्हणून झेंड्याची दोरी माझ्या हातात होती.

मी विचारलं, “काय झालं?”

“नारळ फोडलाय, कुंकू वाहिलंय. आनि बिनकुंकवाची बाई झेंडा चढवनार? गावाला बरं नाय.”

हळू बोलले नाहीत. शेवटच्या रांगेतल्या पोरांनाही ऐकू गेलं.

त्यांची सून पुढे आली. मान खाली घालून तिनं माझ्या हातातून दोरी घेतली. मी हातपंपाजवळ जाऊन उभी राहिले. सकाळी तगरीची फुलं तोडून मीच त्या झेंड्यात बांधली होती. घडी मी घातली, गाठ मी मारली. ते चाललं. फुलं तिच्या डोक्यावर पडली. मी सलामी दिली. राष्ट्रगीतही मलाच सुरू करावं लागलं, कारण दुसरं कोणी करेना.

मी पेणकडची, गडबची. नवरा काविळीनं गेला आणि दोन महिन्यांत रोह्याच्या आतल्या या गावात नेमणूक झाली. भाड्याची एक खोली. मालकीण चांगली होती, पण सणावारी तिच्याकडे बायका यायच्या तेव्हा म्हणायची, “तू जरा आतच बस गो.” मी बसायचे. कितीतरी दिवस शाळेबाहेर माझ्याशी कोणी बोलायचं नाही.

त्या दिवशी खाऊ वाटून सगळे घरी गेले. दुपारी पाऊस आला. सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवायचा असतो, हे मी पोरांना शिकवलं होतं. म्हणून संध्याकाळी पुन्हा शाळेत गेले. पटांगणात कोणी नव्हतं. अण्णा नव्हते, सून नव्हती. सकाळी ज्यांना माझा हात नको होता, त्यांच्यातलं कोणीसुद्धा आलं नव्हतं.

मी एकटीनं दोरी सोडली. झेंडा जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हातांवर झेलला. ओला होता, जड. ओल्या झेंड्याची घडी घालत नाहीत. वर्गात दोरीवर वाळत टाकला आणि बाकावर बसले.

तेव्हा लक्षात आलं. चढवायला मी चालत नाही. उतरवायला चालते. धुवायला, वाळवायला, घडी घालायला चालते.

नवरा गेला तेव्हा बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. मला कोणी विचारलं नाही. मीही नको म्हटलं नाही. नको म्हणता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

सव्वीस जानेवारीला मी कुणाला काही सांगितलं नाही. अण्णा सुनेला घेऊन आले तेव्हा दोरी माझ्या हातात होती.

“द्या इकडं, बाई.”

“नाही देणार.”

“पोरांसमोर तमाशा नको.”

“मग तुम्ही करू नका.”

मी दोरी ओढली. गाठ सुटायला वेळ लागला. मग सुटली. झेंडा उघडला. मी राष्ट्रगीत सुरू केलं. पहिली ओळ माझी एकटीची गेली. मग पोरंही गाऊ लागली. अण्णा निघाले होते, पण राष्ट्रगीत चालू म्हटल्यावर त्यांना थांबावं लागलं. उभे राहिले, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर मालकिणीनं खोली सोडायला सांगितली. मी कातकरवाडीच्या वाटेवर एक पडवी घेतली. बाजारात बायका माझ्या बाजूला उभ्या राहिनात. चार पोरांना आईबापांनी शाळेतून काढलं.

मे महिन्यात अण्णा स्वतः पडवीत आले. बसले नाहीत. म्हणाले, “पेनला बदली करून देतो. माजी वळख हाय. तुमाला घराजवळच पायजे ना?”

हवीच होती. आईजवळ राहायचं होतं, कुणाशी तरी दोन शब्द बोलत जेवायचं होतं. नेमणूक झाल्यापासून मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

“फक्त अर्ज द्या,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “अर्ज देणार नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा मीच चढवणार आहे. तुम्ही आलात तर या. नाही आलात तरी मी चढवणार.”