तांदळात लिहायचं नाव

विद्यापीठाच्या कॉम्प्युटर खोलीत देवळात जावं तसं चपला बाहेर काढून जावं लागे. कौशल्या काळबांडेला ते मुळीच खटकत नसे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात एसीची तेवढी एकच खोली तिच्या नशिबी होती. पारशिवनीच्या शेतकऱ्याची ही पोर १९८७ साली शहराबाहेरच्या वाडी गावात भाड्याने राहायची, ट्रकांच्या धुळीतून सायकल हाणत यायची आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की तहानभूक विसरायची. काय दिवस होते ते. तिचा जीव आजही तिथंच घुटमळतो.

विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या जुन्या मुली आता कुठे असतात, काय करतात, हे कॉम्प्युटरवर झटक्यात सापडावं, असा प्रकल्प तिने घेतला होता. प्रत्येकीला ओळखायचं कशावरून, तर नाव, वडिलांचं नाव आणि आडनावावरून. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं. हा विषय शिकवणारे मधुसूदन सर नुसते गालात हसले.

एक दिवस सत्यवती विभागात आली. कौशल्याच्या दोन वर्षं पुढची, त्याच वसतिगृहात राहिलेली, लग्न होऊन अमरावतीला गेलेली. सरांनी तिलाच खुर्चीवर बसवलं आणि स्वतःला शोधायला सांगितलं. तिने सवयीने सासरचं नाव टाकलं, सुलोचना, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. अशी कोणी नाही, असं यंत्राने कळवून टाकलं.

"मी मेली का वं, कौशल्या?" सत्यवती म्हणाली. "इथंच तर बसली आहो."

सगळे हसले. मग तिचंच हसू विरलं. सर एवढंच म्हणाले, की ज्यावरून माणूस ओळखायचा ती गोष्ट जन्मात बदलता कामा नये. कौशल्याने सगळा तक्ता मोडला, प्रत्येक मुलीला एक कायमचा क्रमांक दिला आणि तिची माहेरची-सासरची सगळी नावं त्या क्रमांकाला जोडली. आता नावं कितीही बदलोत, मुलगी हरवणार नव्हती.

प्रकल्प पास झाला, आणि पाठोपाठ तिचं लग्न ठरलं. रविंद्र कळमन्याकडच्या धान्यव्यापाऱ्यांचा मुलगा. त्याच्या आईने, रुखमाबाईंनी, सुनेचं नाव आधीच काढून ठेवलं होतं: प्रेमलता. कौशल्या हबकली. यंत्रातल्या मुलींना तिने वाचवलं होतं, पण घरात तिला क्रमांकाने कोण हाक मारणार? रविंद्रकडे विषय काढला, तर आईपुढे आपलं काही चालत नाही, असं तो म्हणाला. ते खरंच होतं.

गृहप्रवेश झाला, तांदळाचं ताट पुढे आलं. नाव लिहायला रविंद्रने अंगठी हातात घेतली. आत्ता बोलले नाही तर जन्मभर नाही, हे कौशल्याला कळत होतं.

"आई, मले कौशल्याच राहू द्या," ती म्हणाली. "त्या नावानं मी शिकली. दुसऱ्या नावानं मी माही मलेच सापडणार नाही."

नवी नवरी तोंड उघडते म्हणताच आत्या-माम्यांच्या भुवया वर चढल्या. रुखमाबाईंनी ताटातले तांदूळ हाताने सारखे केले.

"माहं नाव देवकी होतं," त्या म्हणाल्या. "माय गेली तवापासून मले त्या नावानं कोणी हाक नाही मारली." मग मुलाकडे वळल्या. "लिही गा, कौशल्या."

रविंद्रने लिहिलं. बायका कुजबुजत होत्या, बाहेर पंगत खोळंबली होती. कौशल्या सासूच्या पाया पडायला वाकली आणि दोघींनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "देवकीआई."

"ओ," रुखमाबाई म्हणाल्या.