चौकटींचा तपकिरी

टाइमकीपर मुळातच कमी बोलणारे, पण बायको गेल्यापासून त्यांचं तोंड जणू संपावरच गेलं होतं. नऊ आठवडे झाले होते. जेवलात का? हो. झोप लागते का? हो. दुःख होतंय का, असं कुणी विचारलं असतं तर मात्र ते अडकले असते, कारण काही होतच नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि गाल बधिर होतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. त्याची त्यांना लाज वाटायची. पस्तीस वर्षांचा संसार आणि डोळ्यांत टिपूस नाही, मग माणूस म्हणायचं की धोंडा?

परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवर फर्मान काढलं, "बाबा, घर रंगवून घ्या. भिंतींचे पोपडे पडायला लागलेत." रंगारीही तिनेच ठरवला. घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे चिमूटभर व्हरांडा. भिंतींना पांढरा, हेही तिनेच सांगून टाकलं. राहिलं होतं लाकूडकाम, म्हणजे तीन दारांच्या चौकटी, पाच खिडक्या आणि भिंतींच्या तळाशी फिरवलेली वीतभर पट्टी.

"काका, लाकडाला कोणता मारू?" रंगाऱ्याने शेडकार्ड पुढे धरलं.

टाइमकीपरनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आहे तोच. तपकिरी."

रंगाऱ्याने चौकटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आहे तो, का तपकिरी?"

"अरे, तेच सांगतोय. तपकिरी. आमच्या हिने ठेवला होता तसाच हवा. एवढं एक सांभाळ, बाकी तुला हवं ते कर."

नुकतीच बायको गेलेल्या माणसाशी रंगावरून हुज्जत कोण घालणार? रंगारी मुकाट्याने तपकिरी डबा आणायला गेला.

कार्डाकडे न पाहण्याला कारण होतं. लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिघे टाइमकीपरच्या डोळ्यांना तिळी भावंडं. तरुणपणी ते कारखान्यात वायरमन म्हणून लागले, रंगीत तारांत गोंधळले आणि अख्ख्या खात्याची वीज घालवून बसले. साहेबाने त्यांना उचलून टाइम ऑफिसात बसवलं. घड्याळाला एकच रंग, तो म्हणाला. तिथून जे टाइमकीपर झाले ते निवृत्त होईपर्यंत. ही गोष्ट पुढे घराबाहेर कधी गेली नाही अशी त्यांची खात्री होती, कारण बायको ती उघडी पडूच द्यायची नाही. मोजे जोडीने गुंडाळलेले असायचे. केळं पिकलं की नाही, हे तीच सांगायची. चारचौघांत कुणी साडीचा रंग विचारला, तर यांच्याआधी तीच बोलून मोकळी व्हायची.

चौकटींचा रंग हा मात्र त्यांचा स्वतःचा पराक्रम. लेक झाली तेव्हा बायको पाच दिवस दवाखान्यात होती. तिला तपकिरी लाकूड आवडतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. एकटेच दुकानात गेले, कुणाला काही न विचारता फळीवरचा डबा उचलला आणि पाच दिवसांत सगळं लाकूड रंगवून काढलं. बायको बाळाला घेऊन आली, दारात क्षणभर थबकली, आणि म्हणाली, "अगदी हवा तसा तपकिरी मिळाला हो तुम्हाला!" त्यानंतर दर सहा-सात वर्षांनी ब्रश यांनीच हातात धरला, डबा आणायला मात्र तीच गेली.

तिसऱ्या दिवशी निजायच्या खोलीची चौकट झाली. टाइमकीपर चहाचा कप घेऊन आले आणि थांबले. रंग कळत नसला तरी फिकं-गडद त्यांना कळायचं. चौकट पार काळवंडली होती.

"हा तो नव्हे," ते म्हणाले.

"तो कसा असेल काका? हा तपकिरी. आधीचा हिरवा होता."

"कुठला हिरवा?"

"हिरवा हो. पोपटासारखा. अजून पाच खिडक्या आहेत की, बघा ना."

त्यांनी बघितल्या. मग लेकीला फोन लावला.

आपल्या चौकटी हिरव्या आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं. "आईने मला शपथ घातली होती, बाबा," ती म्हणाली. "पहिली-दुसरीत असताना मी झाडाच्या पानांना तपकिरी म्हणायचे. बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं होतं."

"आणि येणारे-जाणारे?"

"त्यांना ती दारातच सांगून ठेवायची. मावशीला, शेजारच्या काकूंना, पेपरवाल्यालासुद्धा."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, घरच्या मालकाला सोडून. टाइमकीपरना राग यायला हवा होता. तोही आला नाही. एक प्रश्न मात्र त्यांना सुटेना. पहिला डबा चुकला, ठीक. पण पुढच्या खेपेला तिने फिका तपकिरी आणला असता तर यांना पत्ताही लागला नसता. खोटं तिथल्या तिथे मिटलं असतं.

"मग तिने बदलला का नाही?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, त्यांनी एवढ्या हौसेने आणलाय, राहू दे." लेक पुढे म्हणाली, "तिला हिरवा मुळीच आवडायचा नाही, बाबा. तुम्ही तपकिरीच ठेवा. तिला बरं वाटलं असतं."

त्यांनी फोन ठेवला. तेहेतीस वर्षं ती नावडत्या रंगात उठली, बसली, आजारी पडली. लेकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तपकिरी घर तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्या घरात ती कुठे राहिली असती?

"हे खरवडून टाक," ते रंगाऱ्याला म्हणाले. "मी हिरवा घेऊन येतो."

"मी आणतो की."

"नको. मीच जातो."

खिडकीचा एक पोपडा कागदात गुंडाळून ते दुकानात गेले. दुकानदाराने पोपडा निरखला, डब्यात थेंब-थेंब रंग मिसळले, मशीनवर डबा हलवून घेतला. मग झाकण उघडून काडीने एक ठिपका कागदावर लावला आणि पोपडा शेजारी ठेवला.

"नीट बघून घ्या काका. एकदा मिसळलेला माल आम्ही परत घेत नाही. जुळतोय ना?"

टाइमकीपरनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आणि नकळत त्यांनी मान डावीकडे वळवली. कुठल्याही दुकानात तिकडे बायको उभी असायची, ती हलकेच हूं म्हणाली की ते होकार द्यायचे. तिथे रिकाम्या डब्यांची उतरंड होती.

"मला रंग कळत नाहीत," ते म्हणाले. परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होते. "हिरवा आहे का, ते तुम्हीच सांगा."

"अगदी तोच आहे काका. डोळे मिटून न्या."

खरं असेल किंवा नसेल. आता जो कुणी जे सांगेल, ते खरं मानून घरी जायचं होतं. त्यांनी डब्याच्या कडीला हात घातला, पण डबा काही उचलवेना. मग गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या दुकानात, काउंटरवर दोन्ही हात टेकून, टाइमकीपर हमसून हमसून रडू लागले.